शेवटाकडून आरंभाकडे

फाइल उलटी करणे हा विषय आम्ही व्याख्यानासाठी सुचविला, तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "यात तासभर बोलण्यासारखे आहे तरी काय? वरचे खाली केले, खालचे वर केले, की झाले!" वरवर पाहता त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु 'वरचे' म्हणजे नेमके काय आणि 'खालचे' म्हणजे नेमके काय, हे आधी ठरविल्यावाचून संगणकाला एकही आज्ञा नीट देता येत नाही. शिवाय याच क्षुल्लक वाटणाऱ्या कामात केलेल्या एका घाईपायी आम्ही एका वाचनालयाच्या जवळजवळ दोन वर्षांच्या नोंदी एका क्षणात घालवून बसलो होतो. ती हकीकत यथावकाश येईलच. आधी साधनांची ओळख करून घेऊ.

संगणकाला काम सांगण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक, पडद्यावरील चित्रांना बोट लावत जाण्याची. ती आता लहान मुलालाही ठाऊक आहे. दुसरी, काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून देण्याची. या दुसऱ्या तऱ्हेचे माहेर म्हणजे युनिक्स. १९६९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी तिचा पाया घातला. एका साधनाने एकच काम करावे, पण ते चोख करावे, आणि मोठे काम आले की अशी लहान लहान साधने एकमेकांना जोडावीत, ही त्या घराण्याची रीत. जोडण्यासाठी जी नळी वापरतात तिला पाइप म्हणतात. डग्लस मॅकिलरॉय यांनी तिचा आग्रह वर्षानुवर्षे धरला होता आणि १९७३ साली ती युनिक्समध्ये आली. आजची लिनक्स आणि ॲपलची मॅकओएस या दोन्ही प्रणाली याच रीतीने चालतात.

फाइल जशी आहे तशी पडद्यावर आणणाऱ्या साधनाचे नाव 'कॅट'. मांजराशी त्याचा संबंध नाही. एकापुढे एक जोडणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा तो तुकडा आहे. ज्यांनी शेवटच्या ओळीपासून पहिल्या ओळीकडे येणारे साधन केले, त्यांनी त्या तीन रोमन अक्षरांचा क्रम उलटा करून त्याचे नाव 'टॅक' असे ठेवले. जीएनयू प्रकल्पाच्या टॅकवर कर्ते म्हणून जे लेप्रो आणि डेव्हिड मॅकेन्झी यांची नावे आहेत. हा विनोद रोमन लिपीत छान साधतो. देवनागरीत मात्र 'कॅट' उलटे केले तर 'टकॅ' होते! वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. शेवटी आम्हांला पुन्हा तिच्याकडेच यायचे आहे.

आता एक तीन ओळींची फाइल घेऊ. पहिल्या ओळीवर 'सोमवार', दुसरीवर 'मंगळवार', तिसरीवर 'बुधवार'. 'टॅक वार' अशी आज्ञा दिली की पडद्यावर बुधवार, मंगळवार, सोमवार असे उतरते. ओळीतील अक्षरांना हात लागत नाही, फक्त ओळींचा क्रम पालटतो. नवशिके येथे हमखास एक चूक करतात. 'सॉर्ट' नावाचे साधन त्यांना ठाऊक असते, आणि त्याला 'आर' हे अक्षर जोडले की उलटे होते असेही त्यांनी ऐकलेले असते. ते तसे करून पाहतात. आमच्या या फाइलवर तो प्रयोग केला तर निघते काय? सोमवार, मंगळवार, बुधवार. जशीच्या तशी! कारण सॉर्ट मूळ क्रमाकडे ढुंकूनही पाहत नाही. तो ओळी वर्णक्रमाने लावतो, आणि 'आर' म्हटले तर तो वर्णक्रम उलटा धरतो. ब, म, स हा वर्णक्रम; तो उलटा केला की स, म, ब. आमचे वार योगायोगाने त्याच क्रमात होते. उलटा लावलेला वर्णक्रम निराळा आणि उलटविलेला मूळ क्रम निराळा. हा भेद ज्याला उमगला, त्याचे निम्मे काम झाले.

येथे कोणी विचारील की, उलटे वाचण्यात अवघड ते काय? पोथीचे शेवटचे पान उघडावे आणि मागे मागे यावे. फाइल चकतीवर पडून असेल तर टॅक खरोखरच असे करतो. तो थेट शेवटी जातो, एका मापाचा तुकडा उचलतो, त्यात ओळ कोठे संपते ते मागून पुढे शोधतो, आणि मग त्याच्या अलीकडचा तुकडा उचलतो. त्यामुळे कितीही मोठी फाइल असो, तिची शेवटची ओळ तो तत्काळ हातात देतो. परंतु मजकूर नळीतून येत असेल तर? नळातून वाहून येणाऱ्या पाण्याचा शेवटचा थेंब आधी मागून कसे चालेल? शेवटची ओळ कोणती, हे सगळ्या ओळी येऊन गेल्यावरच कळणार. म्हणून नळीपुढे बसलेला टॅक येईल तो सगळा मजकूर आधी एका तात्पुरत्या फाइलीत साठवितो, म्हणजे नळाखाली हौद बांधतो, आणि मग त्या हौदाच्या तळापासून सुरुवात करतो. जी नळी कधीच बंद होत नाही, उदाहरणार्थ सतत वाढणारी नोंदवही, तिच्या तोंडाशी टॅक बसविला तर तो जन्मभर वाट पाहत राहील आणि एक अक्षरही बोलणार नाही. यंत्र बिघडले आहे असे समजून पुष्कळांनी ते बंद केले असेल. यंत्राची बिचाऱ्याची काही चूक नाही.

याचा व्यवहारातील उपयोग मोठा आहे. संगणक आपल्या घडामोडींच्या ज्या नोंदी ठेवतो, त्यांत नवी नोंद नेहमी तळाशी पडते. अमुक दोष शेवटचा केव्हा झाला, हे हवे असेल तर आरंभापासून सगळी फाइल चाळणे म्हणजे आजचे वर्तमान कळण्यासाठी वर्षाच्या पहिल्या अंकापासून वाचत बसणे. त्यापेक्षा टॅकच्या नळीपुढे 'ग्रेप' हा शोधक बसवावा आणि त्याला पहिल्याच सापडीला थांबण्यास सांगावे. उलट्या दिशेने पहिली सापड ती सुलट्या दिशेने शेवटची. शोधक थांबला की नळी तुटते आणि टॅकही थांबतो; उरलेली फाइल वाचलीच जात नाही.

मॅकओएसवर टॅक मुळात मिळत नाही. तेथे शेपूट दाखविणाऱ्या 'टेल' या साधनाला 'आर' जोडून तेच काम होते. उलट जीएनयूच्या टेलला हे 'आर' ठाऊकच नाही. हाताशी कोणते यंत्र आहे हे न पाहता ऐकीव आज्ञा टंकली की असे घडते.

टॅक नसतानाही लोकांनी हे काम ज्या ज्या युक्त्यांनी केले, त्या अभ्यासण्यासारख्या आहेत, कारण त्यांत उलटविण्याची सगळी तऱ्हेतऱ्हेची रूपे दिसतात. थॉम्प्सन यांनी युनिक्सच्या आरंभीच 'एड' नावाचा संपादक लिहिला. त्याला आणि त्याच्या वंशातील 'व्हीआय'ला असे सांगता येते की, प्रत्येक ओळ घे आणि ती शून्याव्या ओळीखाली, म्हणजे सर्वांच्या माथ्यावर, नेऊन ठेव. पत्त्यांच्या गड्डीतून वरून एकेक पान काढून टेबलावर आधीच्या पानावर ठेवीत गेले, तर शेवटी नवी गड्डी उलटी झालेली असते. तोच हा प्रकार.

'सेड'ची युक्ती याहून नामांकित आहे. सेडपाशी दोन जागा असतात. एक ओटा, ज्यावर चालू ओळ येते. आणि एक कोनाडा, ज्यात काही राखून ठेवता येते. त्याला तीन गोष्टी सांगावयाच्या. ओळ पहिली नसेल तर कोनाड्यात जे आहे ते ओट्यावरील ओळीच्या खाली जोड. मग ओट्यावरचे सगळे कोनाड्यात ठेव. आणि ओळ शेवटची नसेल तर ओटा पुसून टाक, काही छापू नकोस. सोमवार कोनाड्यात जातो. मंगळवार येतो, त्याच्या खाली सोमवार जोडला जातो, दोघे कोनाड्यात जातात. बुधवार येतो, त्याच्याखाली ते दोघे. आणि ही शेवटची ओळ म्हणून सगळे छापले जाते. पहिल्या ओळीला वगळले नसते, तर रिकाम्या कोनाड्याची एक कोरी ओळ तळाशी चिकटली असती. सारी आज्ञा दहाबारा चिन्हांत मावते, आणि पाहणारा थक्क होतो.

पण चतुराईची किंमत असते, आणि ती येथे मोजून दाखविता येते. दर ओळीला आतापर्यंतच्या सगळ्या ओळी पुन्हा उचलून ठेवाव्या लागतात. पहिल्या वेळी एक, दुसऱ्या वेळी दोन, तिसऱ्या वेळी तीन. एक लाख ओळींच्या फाइलीत ही बेरीज सुमारे ५०० कोटी ओळींची होते, आणि तीही केवळ एका बाजूच्या ने-आणीची. टॅकला त्याच फाइलीत एक लाख ओळी एकदाच हाताळाव्या लागतात. शंभर ओळींच्या यादीला सेड शोभतो. मोठ्या खतावणीला नव्हे.

'ऑक' ही आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेली १९७७ सालची भाषा. ती हे काम सरळ मार्गाने करते. प्रत्येक ओळ तिच्या क्रमांकाच्या खणात ठेवावी आणि शेवटी मोठ्या क्रमांकाकडून एकाकडे येत छापावे. यात फाइल सगळीच्या सगळी स्मृतीत मावली पाहिजे, एवढीच अट. आणि ज्या सॉर्टला आम्ही मघाशी दोष दिला, त्याच्याकडूनही हे काम करून घेता येते. ओळींना आधी क्रमांक घालावे, क्रमांकांवरून उतरत्या क्रमाने लावावे, आणि शेवटी क्रमांक कापून टाकावे. सॉर्टला स्मृती अपुरी पडली तर तो चकतीवर तात्पुरते गठ्ठे करून ते मागाहून एकत्र गुंफतो, त्यामुळे अवाढव्य फाइलीलाही ही वाट बंद नाही. मात्र क्रमांक घालण्यासाठी 'एनएल' वापराल तर सावध असा. तो आपण होऊन कोऱ्या ओळींना क्रमांक देत नाही; बिनक्रमांकाच्या त्या साऱ्या ओळी सॉर्टच्या हिशेबी शून्य ठरतात आणि तळाशी गोळा होतात. कवितेची कडवी अशा रीतीने उलटवाल तर सगळी कडवी एकमेकांना चिकटलेली मिळतील.

आता आमच्या फजितीची हकीकत. घराजवळच्या एका लहान वाचनालयाची देवघेव आम्ही हौसेने संगणकावर ठेवीत असू. दर ओळीला दिनांक, सभासदाचे नाव, पुस्तकाचे नाव. कार्यवाहांची इच्छा, की अलीकडच्या नोंदी वर दिसाव्यात. आम्ही म्हटले, त्यात काय मोठेसे. आणि टंकले, 'टॅक नोंदी', पुढे बाणाचे चिन्ह, आणि बाणापुढे पुन्हा 'नोंदी'. म्हणजे नोंदींची फाइल उलटी करून तिच्याच नावाने लिहून ठेव. पडदा गप्प राहिला. युनिक्सच्या घराण्यात गप्प राहणे हे यशाचे लक्षण समजतात, म्हणून आम्हीही समाधानाने उठलो. सकाळी पाहतो तो फाइल जागेवर होती, तिचे नाव होते, आणि आत शून्य अक्षरे.

झाले असे की, आज्ञा ऐकणारा जो दुभाषी, ज्याला शेल म्हणतात, तो टॅकला हाक मारण्यापूर्वी बाणापुढची फाइल लिहिण्यासाठी मोकळी करून ठेवतो. पाटी पुसून मग विद्यार्थ्याला बोलवावे आणि म्हणावे, पाटीवरचे उलट क्रमाने लिही! टॅक आला तेव्हा वाचावयास काही उरलेच नव्हते. त्याने शून्य ओळी इमानाने उलट्या केल्या. दिवाळीपर्यंतच्या नोंदींची छापील प्रत एका कपाटात निघाली. पुढच्या नोंदी पावत्यांच्या स्थळप्रतींवरून आम्ही आणि ग्रंथपालांनी तीन आठवडे बसून भरल्या. काही पुस्तके कोणाकडे गेली हे अखेर कळलेच नाही. कार्यवाहांनी आम्हांला एक शब्दही बोलून दाखविला नाही, आणि तेच अधिक बोचले.

तेव्हापासून आमचा शिरस्ता असा : उलटी प्रत नव्या नावाने लिहावी. लिहिणे निर्विघ्न झाले तरच नाव बदलण्याची पुढची आज्ञा चालावी, अशी दोन्ही आज्ञांत दुहेरी 'अँड'चे चिन्ह घालून गाठ मारावी. म्हणजे चकती भरल्याने टॅक मध्येच अडला तर मूळ फाइल शाबूत राहते. आणि नाव बदलण्यापूर्वी पडताळा पाहावा.

पडताळ्याचीही एक गंमत आहे. आमच्या वारांच्या फाइलीत 'बुधवार'नंतर ओळ संपल्याचे चिन्ह घालावयाचे राहून गेले असे समजा. पुष्कळ संपादकांत असे होते. युनिक्सच्या व्याख्येप्रमाणे ओळ म्हणजे त्या चिन्हासह असलेला मजकूर. टॅक ते चिन्ह ओळीच्या पाठीशी बांधलेले धरतो. बुधवारला ते नसल्यामुळे तो पुढच्या ओळीला जाऊन चिकटतो, आणि निघते 'बुधवारमंगळवार', मग 'सोमवार'. आता अक्षरे मोजा : तितकीच भरतात. ओळी मोजणारे साधन लावा : ते केवळ चिन्हे मोजते, आणि चिन्हे आधीही दोन होती, आताही दोनच. मोजदादीने ही चूक पकडली जाणार नाही! पकडणारी कसोटी एकच. उलटलेले पुन्हा उलटवावे आणि मूळ फाइलीशी अक्षरशः ताडून पाहावे. येथे दुसऱ्यांदा उलटविल्यावर सोमवार आधी येतो आणि त्याखाली तो जोडनावाचा बुधवारमंगळवार. चोरी उघडी पडते. ऑकमध्ये हा दोष नाही, कारण तो प्रत्येक ओळ छापताना चिन्ह स्वतः घालतो.

तक्त्याच्या फाइलीत पहिली ओळ मथळ्याची असते; ती आधी बाजूस काढून उरलेल्याच ओळी उलटवाव्यात, नाहीतर मथळा तळाशी जाऊन बसेल. पत्त्यांच्या यादीचे दुखणे निराळे. तेथे एक पत्ता चार ओळींचा असतो, आणि ओळी उलटविल्या की पिनकोड डोक्यावर आणि नाव पायाशी येते. टॅकला 'एस' जोडून सांगता येते की, तुकडा ओळीवर पाडू नकोस, कोऱ्या ओळीवर पाड. मग पत्ते आतून सुलटे राहतात आणि त्यांचा क्रम तेवढा पालटतो. अर्थात शेवटच्या पत्त्यानंतर कोरी ओळ नसेल, तर बुधवारचे भूत येथेही उभे राहतेच.

आता ओळीच्या आत शिरू. 'रेव्ह' नावाचे साधन ओळींचा क्रम तसाच ठेवते आणि प्रत्येक ओळीतील चिन्हे मागून पुढे मांडते. १९६९ दिले तर ९६९१ येते. इंग्रजी मजकुरावर ते बिनतक्रार चालते. मराठीवर काय होते ते पाहण्यासारखे आहे.

'नवीन' हा शब्द कानाने विलोम आहे : न, वी, न. कोणत्याही बाजूने वाचा, नवीनच. रेव्हला द्या, तो 'नीवन' असे उत्तर देतो. उलट 'लाल' द्या. आपण त्याला 'लला' म्हणू, रेव्ह मात्र 'लाल'च परत करतो. 'पत्र' दिले तर 'र्तप' येते. रचा रफार झाला. 'मामा' दिले तर आरंभी एक निराधार काना लोंबकळतो आणि पुढे 'माम' उरते. यंत्राचे यात चुकते असे नाही. आपण ज्याला एक अक्षर म्हणतो, ते संगणकात एक नसते. 'वी' म्हणजे व आणि दीर्घ वेलांटी अशी दोन चिन्हे. 'त्र' म्हणजे त, हलन्त आणि र अशी तीन. रेव्ह ही चिन्हे उलटवितो, अक्षरे नव्हे. म्हणून 'नवीन'मधील वेलांटी व सोडून शेवटच्या न ला जाऊन बिलगते.

याच्याही खाली एक थर आहे. युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठविलेले असते. 'क' म्हणजे २२४, १६४, १४९. 'एक्सएक्सडी' या साधनाने बाइट सुटे करून, टॅकने उलटवून, पुन्हा जोडता येतात. चित्रांच्या वा यंत्रांच्या फाइली तपासणाऱ्याला ते कधी लागते. मराठी मजकुराचे मात्र त्याने भस्म होते. १४९ ने आरंभ होणारे चिन्ह त्या पद्धतीत असूच शकत नाही, आणि पडद्यावर नुसते चौकोन उमटतात.

आपल्याकडे विलोमाची कला जुनी आहे. लीलावतीवर टीका लिहिणारे सोळाव्या शतकातील ज्योतिषी दैवज्ञ सूर्यपंडित यांचे रामकृष्णविलोमकाव्य सुलटे वाचले तर रामाचे आणि उलटे वाचले तर कृष्णाचे होते. तेथे उलटविण्याचे एकक अक्षर आहे. स्वर आपल्या व्यंजनाला सोडून जात नाही. संगणकालाही हे शिकविता येते. 'पर्ल' या भाषेत एक असे सूत्र आहे, की ते दिसण्यात एक असलेल्या चिन्हांचा पुंजका एकत्र उचलते. ते पुंजके उलटविले की 'नवीन' नवीनच राहते आणि 'लाल'चे 'लला' होते. जोडाक्षरापाशी मात्र ते अनेक वर्षे अडखळत होते. जुन्या नियमाप्रमाणे हलन्त 'त्' हा एक पुंजका आणि 'र' हा दुसरा, त्यामुळे 'पत्र'चे 'रत्प' होई. युनिकोडच्या २०२३ साली निघालेल्या १५.१ या आवृत्तीने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरे न तोडण्याचा नियम घातला. तो नियम प्रत्येक यंत्रावर पोचलेला असेलच असे नाही. आपल्या साधनाला 'पत्र' हा शब्द द्यावा. 'र्तप' आले तर ते चिन्हे उलटविते. 'रत्प' आले तर पुंजके जाणते, पण जुन्या नियमाने. 'त्रप' आले तर मराठी मजकूर त्याच्या हाती द्यावयास हरकत नाही, अर्थात नव्या नावाच्या फाइलीत.